बंब म्हणजे मुळात पंपच

प्रश्न असा आहे: गावच्या जुन्या पाणी-उपसा केंद्रातली, भंगारात जाता जाता वाचलेली, वाफेचा दाब दाखवणारी पितळी घड्याळे वाचनालयात मांडायची आहेत. पाटीवर 'बंबघरातील वाफमापके' लिहावे का? एका सभासदांच्या मते बंब न्हाणीघरात असतो, पंपाला बंब म्हणणे चूक.

आधी 'वाफमापक' खोडा. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो आणि दर वेळी खटकतो. ते यंत्र वाफ मोजत नाही, वाफेचा दाब मोजते. आत वाकवलेली चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. बूर्दों या फ्रेंच माणसाची ही 1849ची युक्ती. तबकडीवर 60 म्हणजे दर चौरस इंचाला 60 पौंड, तोही बाहेरच्या हवेच्या दाबावरचा. म्हणून 'दाबमापक', किंवा सरळ 'दाबकाटा'.

आता बंब. सभासदांनी गोष्ट नेमकी उलटी केली आहे. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप. तोच आपला बंब. बादली, पिंप, घमेले ही त्याच घरची भावंडे. आगीचा बंब पाणी फेकतो, तापवत नाही, एवढे तरी ध्यानात घ्यायचे! इंग्रजी 'पंप'चा अपभ्रंश होऊन 'बंब' झाला, असे सांगणाऱ्या पंडितांचे मला मुळीच पटत नाही. 'पंप' आपण जसाच्या तसा घेतला आहे. दोन्ही 'प'चे 'ब' करायची मराठी जिभेला काय गरज पडली होती?

मग न्हाणीघरात बंब शिरला कसा? माझे उत्तर असे: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, घोडे जोडलेले वाफेचे आगबंब चित्रात पाहा. मागे उभा गोल बॉयलर, खाली जाळ, वर धुराडे. आता आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा: मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. रूप तेच! पंपाचे नाव त्याच्या बॉयलरला चिकटले आणि बॉयलरवरून घरच्या भांड्याला. नुसत्या गोल आकारामुळे नाव पडले म्हणणाऱ्यांनी सांगावे, मग रांजणाला कुणी बंब का म्हटले नाही?

तुमच्या केंद्रात तर पंपही होता आणि बॉयलरही. बंबघर याहून नेमके कुठले असणार? तेथे काम केलेले कुणी हयात असतील, तर ते या घड्याळांना काय म्हणत तेवढे विचारून कळवा.