अल्डिहाइडवर सायनाइड जोडताना कुठला चायरल कॅटॅलिस्ट घ्यावा, आणि तोच किटोनवर का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एमएस्सीच्या प्रोजेक्टला बेन्झाल्डिहाइडवर सायनाइडचं असिमेट्रिक अ‍ॅडिशन (आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकच जास्त मिळेल असं जोडणं) मिळालंय, पेपर काढून बसलात तर प्रत्येकाचा कॅटॅलिस्ट वेगळा आणि प्रत्येकजण ९० च्या वर ईई (एक रूप दुसऱ्यापेक्षा किती टक्के जास्त, ते) सांगतोय, मग नेमकं घ्यायचं काय, आणि पुढे गाईड अ‍ॅसिटोफिनोन ह्या किटोनवर न्यायचं म्हणतायत तर तोच कॅटॅलिस्ट चालेल का. मी पीएचडीला असताना ह्याच रिअ‍ॅक्शनमागे होतो, आता प्रोसेस केमिस्ट्रीत आहे, तेव्हा जरा मोठं उत्तर देतो.

आधी सरळ सांगून टाकतो. अल्डिहाइडसाठी टायटॅनियम किंवा व्हॅनेडियमचा सॅलेन कॉम्प्लेक्स (सॅलेन हा धातूला धरणारा चायरल, म्हणजे डावा-उजवा हात असलेला, रेणू) घ्या आणि डोकं शांत ठेवा. किटोनवर तो जेमतेम ईई देतो, तिथे दुसराच खेळ आहे, त्याकडे खाली येतो.

बघा, कॅटॅलिस्ट निवडताना सगळे ईईचा कॉलम बघतात. मी आधी हे बघतो की ह्या कॅटॅलिस्टने सायनाइड कुठे धरलंय. अल्डिहाइड धरणारे लुईस अ‍ॅसिड (इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणारे पदार्थ) पैशाला पासरी आहेत. पण कार्बोनिलला (अल्डिहाइड-किटोनमधल्या C=O ला) चायरल धातूवर नीट बसवलं आणि सायनाइड मात्र सॉल्व्हंटमध्ये मोकाट फिरतंय, तर ते वरूनही येणार, खालूनही येणार, शिवाय जे अल्डिहाइड कॅटॅलिस्टला चिकटलेलंच नाही त्याच्यावरही जाऊन बसणार, म्हणजे बाजूला एक रेसिमिक (दोन्ही रूपं सारखीच देणारी) रिअ‍ॅक्शन चालूच. आणि फरक किती लागतो म्हणाल तर २५ डिग्रीला ९० टक्के ईईसाठी दोन ट्रान्झिशन स्टेटमध्ये (रिअ‍ॅक्शनला ओलांडाव्या लागणाऱ्या दोन शिखरांमध्ये) मोलमागे साधारण १.७ किलोकॅलरीचं अंतर पुरतं, ९९ टक्क्यांसाठी ३.१. इथेनमधला बाँड फिरवायला जेवढी एनर्जी लागते ना, तेवढाच हा सगळा कारभार. एवढ्याशा फरकावर सगळं उभं असल्यामुळे थोडीशी बॅकग्राउंड रिअ‍ॅक्शनही लगेच दिसते.

निसर्गाने हे कधीच सोडवून ठेवलंय. कडू बदामातल्या एन्झाइमने बेन्झाल्डिहाइड आणि एचसीएन (हायड्रोजन सायनाइड) ह्यांपासून ऑप्टिकली अ‍ॅक्टिव्ह मँडेलोनायट्राइल रोझेंथालरने १९०८ मध्येच काढलं होतं, ते आर (दोन रूपांना आर आणि एस म्हणतात). कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे गावाकडच्या कुणालाही विचारा, त्यामागे धुरिन नावाचं जे द्रव्य असतं त्यातलं सायनोहायड्रिन (कार्बोनिलवर सायनाइड जोडून होतं ते) एस असतं, आणि बांबूच्या कोवळ्या कोंबातलं टॅक्सिफायलिन म्हणजे अगदी तेच फक्त आर. म्हणजे एकच रेणू, ज्वारीने एक हात घेतला, बांबूने दुसरा. ही एन्झाइम आज इंडस्ट्रीतही वापरतात. मच्छरदाणीला लावतात त्या डेल्टामेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइडना लागणारं एस सायनोहायड्रिन रबराच्या झाडाच्या एन्झाइमने करता येतं. त्यात पीएच मुद्दाम खाली ठेवतात, कारण पीएच चढला की सायनाइड आयन वाढतो आणि एन्झाइमला न विचारता रिअ‍ॅक्शन सुटते. परत तोच मुद्दा.

माणसांनी केलेला पहिला प्रयत्न ब्रेडिग आणि फिस्केचा, १९१२, क्विनीन आणि क्विनिडीन वापरून. ईई १० टक्क्यांच्याही आत. पण धातू नाही, एन्झाइम नाही, नुसता अल्कलॉइड, आणि तरी एक बाजू जास्त येते, हे त्या काळी फार मोठं होतं. मग बराच काळ गेला आणि १९८१ मध्ये इनोउएंच्या ग्रुपने फिनाइलअ‍ॅलनिन आणि हिस्टिडीनचा छोटासा सायक्लिक डायपेप्टाइड आणला, नंतर त्याच्यावर बेन्झाल्डिहाइडचा ईई ९७ पर्यंत गेला. ऐकायला भारी वाटतं पण तो मी कुणाला सुचवणार नाही, कारण तो जेलसारख्या अवस्थेतच नीट चालतो, तोच पदार्थ क्रिस्टलाइन मिळाला तर ढिम्म. प्रोजेक्टचं एक सेमिस्टर त्यात घालवायचं का?

आता सॅलेन. बेलोकॉन आणि नॉर्थ ह्या दोघांचं काम नीट वाचा, निदान १९९९ चा पेपर तरी. लिगँड (धातूला धरणारा रेणू) तोच, जेकबसेन इपॉक्सिडेशनमध्ये वापरतात तो, सायक्लोहेक्झेनडायअमीन आणि दोन टर्शरी ब्युटाइल असलेला सॅलिसिलअल्डिहाइड, आयता विकत मिळतो, नाहीतर घरी केला तरी दोन स्टेपचं काम. सुरुवातीला ते टायटॅनियम डायक्लोराइड कॉम्प्लेक्स वापरत होते आणि त्यात गंमत अशी निघाली की थोडंसं पाणी असल्याशिवाय गाडी नीट चालत नाही. कारण पाण्यामुळे दोन टायटॅनियम ऑक्सिजनच्या पुलांनी जोडले जाऊन डायमर (जोडरेणू) होतो आणि खरा कॅटॅलिस्ट तो डायमर आहे. एका टायटॅनियमवर अल्डिहाइड बसतं, दुसऱ्यावर सायनाइड, आणि दोघं समोरासमोर येतात. कोयती एका हातात आणि नारळ दुसऱ्या हातात असला तरच घाव जागेवर बसतो, तसं. म्हणून ०.१ मोल टक्का कॅटॅलिस्टवर, रूम टेंपरेचरला, टीएमएससीएन (ट्रायमिथाइलसिलिल सायनाइड) घालून रिअ‍ॅक्शन तासाभराच्या आत संपते, ईई ऐंशीच्या वरच्या घरात. व्हॅनेडियमचा भाऊबंद ह्याच्यापेक्षा बराच हळू पण ईई थोडा जास्त, नव्वदीच्या पुढे. वेळ असेल तर व्हॅनेडियम, आणि हातात तासाभराचं प्रॅक्टिकल असेल तर टायटॅनियम. आपल्याकडे भावनगरच्या सीएसएमसीआरआय ह्या सरकारी संशोधन संस्थेतही चायरल सॅलेनवर, खास करून रिसायकल करता येतील अशा कॉम्प्लेक्सवर, बरंच काम झालेलं आहे, व्हायवाला विचारलं तर तेवढं माहीत असू द्या.

ह्याच दोन्हीकडून धरायच्या कल्पनेवर शिबासाकींनी वेगळ्या रस्त्याने काम केलं. एकाच लिगँडवर अ‍ॅल्युमिनियम (अल्डिहाइड धरायला) आणि फॉस्फिन ऑक्साइड (टीएमएससीएनच्या सिलिकॉनला धरायला). सुंदर डिझाइन, कागदावर काढून बघा, पटेल. पण ९ मोल टक्के लोडिंग, उणे ४० डिग्री आणि टीएमएससीएन तासन्‌तास थेंब थेंब सोडायचं, म्हणून एमएस्सीला नको.

पण किटोनवर यायचं तर त्यांच्याकडेच जावं लागतं. किटोनची अडचण एकच नाही. एक तर कार्बोनिल कमी भुकेला. दुसरं म्हणजे एचसीएन बरोबर तोल उलट्या बाजूला झुकतो, अ‍ॅसिटोफिनोनचं सायनोहायड्रिन बनतं आणि परत सुटतं, म्हणून सिलिल ग्रुपने (टीएमएससीएनमधल्या सिलिकॉनच्या भागाने) ऑक्सिजन बांधून टाकावा लागतो. आणि तिसरं, जे खरं दुखणं आहे: अल्डिहाइडमध्ये कॅटॅलिस्टला हायड्रोजन आणि फिनाइल ओळखायचे असतात, आंधळासुद्धा ओळखेल. किटोनमध्ये मिथाइल आणि फिनाइल. पुढे मिथाइल आणि इथाइल. सॅलेनचा खिसा तेवढा घट्ट नाही.

२००० साली शिबासाकींनी ग्लुकोजपासून लिगँड केला आणि टायटॅनियम लावून अ‍ॅसिटोफिनोनवर ९० च्या वर ईई काढला. नंतर त्याच लिगँडवर टायटॅनियमऐवजी गॅडोलिनियम लावलं तर उलटा एनान्शिओमर (आरशातलं दुसरं रूप) आला! लिगँडचा हात तोच, साखर तीच, फक्त धातू बदलला. टायटॅनियमवर एक धातू-एक लिगँड अशी रचना असते, गॅडोलिनियमवर दोन धातू-तीन लिगँड, आणि तिथे सायनाइड थेट धातूवरून येतं, त्यामुळे हल्ल्याची बाजूच बदलते. दोन्ही एनान्शिओमर हवे असतील तर एल-ग्लुकोज विकत घ्यायची गरज नाही, आणि त्याची किंमत एकदा बघितलीत तर ह्याचं मोल कळेल. त्यांनी ही केमिस्ट्री कॅम्प्टोथेसिनच्या (कॅन्सरच्या औषधांचं मूळ द्रव्य) इंटरमीडिएटपर्यंत नेली. हो, तेच, ज्याच्यासाठी आपल्या सह्याद्रीतला नरक्या नावाचा वृक्ष तोडतोडून चोरून नेला. त्यातल्या विसाव्या कार्बनवर चार वेगळे ग्रुप आणि त्यात एक ओएच, असा कार्बन किटोनवर सायनाइड जोडून सरळ मिळतो.

धातू नकोच असेल तर डेंग ह्यांचे सिंकोना अल्कलॉइड आहेत (क्विनीनचेच नातेवाईक, म्हणजे ब्रेडिगचं काम जवळपास नव्वद वर्षांनी मार्गी लागलं), आणि जेकबसेनचा थायोयुरिया. मिथाइल आणि इथाइलमधला फरक, म्हणजे २-ब्युटॅनोन, हा लिस्ट ह्यांच्या ग्रुपने २०२२ मध्ये एका प्रचंड गुंतागुंतीच्या चायरल अ‍ॅसिडने सोडवला, तोवर तिथे एन्झाइमचीच मक्तेदारी म्हणायची. वाचायला घ्या, करायला नको.

आता सायनाइड कुठून आणायचं. एचसीएन विसरा, २६ डिग्रीला उकळतं, आपल्याकडच्या मे महिन्यात बाटलीत द्रव म्हणून राहायचंच नाही. टीएमएससीएन सोयीचं, पण त्याला 'सेफ सायनाइड' समजू नका, दमट हवेत त्यातून एचसीएनच सुटतो आणि मुंबई-कोकणातल्या लॅबमध्ये पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा. ते ११-१२ डिग्रीच्या आसपास गोठतं, त्यामुळे फ्रिजमधून काढल्यावर बाटलीत घट्ट दिसलं तर खराब झालं समजून गरम करायला जाऊ नका, हूडमध्ये ठेवा, आपोआप वितळेल. जुनी बाटली असेल तर झाकण उघडायच्या आधी गाईडना दाखवा. कडू बदामाचा वास आला तर पळू, ह्या भरवशावर तर अजिबातच राहू नका, कितीतरी लोकांना तो वास येतच नाही. एकट्याने नाही, रात्री नाही, आणि वेस्ट कधीच अ‍ॅसिडमध्ये नाही. तुमच्या डिपार्टमेंटची सायनाइड वेस्टची लेखी पद्धत असेल तीच, आणि नसेल तर आधी ती करून घ्या, मग रिअ‍ॅक्शन लावा.

पोटॅशियम सायनाइड (केसीएन) आणि अ‍ॅसेटिक अनहायड्राइडचीही पद्धत आहे, तोच टायटॅनियम डायमर पण १ मोल टक्का आणि उणे ४० डिग्री. स्वस्त पडते, बाष्प होऊन उडणारं सायनाइड हाताळावं लागत नाही, आणि मिळतं ते थेट सायनोहायड्रिनचं अ‍ॅसिटेट. घन असला तरी केसीएन केसीएनच आहे, सप्लायला परवानग्या लागतात, ते वेळेत बघा.

अ‍ॅसिटेटचा दुसरा फायदा ईई मोजताना कळतो. मोकळं सायनोहायड्रिन बेस लागला की उलटं सुटतं आणि परत जुळताना रेसिमाइज होतं, म्हणजे रिअ‍ॅक्शन ९२ ची झालेली असते आणि कॉलमवरून उतरल्यावर ८० दिसते, मग कॅटॅलिस्टला शिव्या. टीएमएस इथर (टीएमएससीएन वापरल्यावर मिळतं ते) असेल तर आधी अ‍ॅसिटेट करून घ्या आणि मग चायरल जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफला) लावा. आणि सगळ्यात आधी रेसिमिक सँपल तयार करून त्याचे दोन पीक बेसलाइनपर्यंत वेगळे होतात का ते बघून घ्या, चायरल कॅटॅलिस्टची बाटली त्यानंतर उघडायची. कॉलेजमध्ये चायरल कॉलम नसेल तर तसं खाली लिहा, मँडेलिक अ‍ॅसिडपर्यंत हायड्रोलिसिस करून पोलारीमीटरवर कसं बघायचं ते सांगतो.