विकास-संशोधनासाठीच्या (गरीब देशांच्या सामाजिक-आर्थिक विकासाच्या अभ्यासासाठीच्या) माहितीसेवा गेल्या काही दशकांत कशा बदलल्या?

थोडक्यात सांगायचं तर ग्रंथालयाकडून वेबसाइटकडे, आणि तिथून 'परवडणार कुणाला?' या प्रश्नाकडे.

ब्रिटनमधल्या ससेक्सची इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज (आयडीएस, स्थापना 1966) हे चांगलं उदाहरण. सुरुवातीला तिची ताकद होती ग्रंथालयात: आशिया-आफ्रिकेतल्या सरकारांचे अहवाल, नियोजन आयोगांचे दस्तऐवज, असा बाजारात न मिळणारा ऐवज तिथे जमा झाला. गंमत अशी, की एखाद्या देशाचे जुने अहवाल पाहायला त्याच देशातल्या अभ्यासकाला ब्रायटनजवळच्या आयडीएसमध्ये जावं लागे!

1996 मध्ये आयडीएसने 'एल्डिस' ही वेबसाइट सुरू केली. निवडक अहवाल, प्रत्येकाचा छोटा सारांश आणि दुवा. गूगलच्या आधीचे दिवस होते, त्यामुळे जाणत्या माणसाने केलेली निवडच मोलाची होती. पुढे शोधयंत्रं आली आणि नुसत्या दुव्यांची किंमत उतरली. निवडीची उतरली नाही, असं माझं मत.

खरी अडचण जर्नलांच्या, म्हणजे संशोधन-नियतकालिकांच्या, वर्गणीची. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'हिनारी' आणलं. गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकीय जर्नलं फुकट किंवा नाममात्र दरात. 2003 मध्ये शेतीसाठी 'अगोरा' आलं. भारत मात्र या सवलतीच्या यादीत बसत नाही. आपल्याकडे त्यावर उत्तर म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची जर्नलांच्या एकत्रित वर्गणीची योजना मंजूर झाली: तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये. त्यात सरकारी संस्था येतात. स्वतंत्र अभ्यासक आणि छोट्या स्वयंसेवी संस्था बाहेरच.