जोडीने लग्नाचे फोटो काढणार असाल तर

तुम्ही दोघं मिळून स्टुडिओ काढताय, छान. आम्हीही असंच सुरू केलं होतं, म्हणून आधी भांडणाचं सांगते: हॉलमध्ये भांडायचं नाही. कोण कुठे उभं राहणार ते आदल्या रात्रीच ठरवा.

जोडीचा खरा फायदा अंतरपाट दूर होतो त्या क्षणाला. नवरी एकीकडे, नवरदेव दुसरीकडे. दोघांचे चेहरे एका कॅमेऱ्याला समोरून मिळतच नाहीत. एकेक बाजू वाटून घ्या. ‘शुभमंगल सावधान’ला अक्षता पडतात तेव्हा शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका, नाहीतर फोटोत तांदळाच्या रेघा उमटतात. फोकससाठी एकच पॉइंट, तोही डोळ्यावर. नाहीतर कॅमेरा हवेतल्या अक्षता पकडतो आणि नवरी धूसर.

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. आमच्या पहिल्याच लग्नात ह्यांचं सतरा मिनिटं पुढे होतं. लॅपटॉपवर माझ्या सप्तपदीनंतर ह्यांच्या मंगलाष्टका! निस्तरायला दोन रात्री गेल्या.

पैशांचं एकानेच बोलायचं. आमच्याकडे ते मी बोलते, कारण हे लगेच विरघळतात. ॲडव्हान्स आणि अल्बमची पानं लिहून घ्या, ओळखीचं घर असलं तरी.

शिकायला येणाऱ्या मुलांना थेट मुहूर्तावर उभं करू नका. आधी साखरपुडा, हळद. हळदीला लेन्सवर फिल्टर, म्हणजे लेन्स वाचवणारी साधी काच, लावायला सांगा, आणि कोरडा रुमाल खिशात. हळदीचे हात कुणाच्या गालावरून कुठे जातील, नेम नसतो.