चार वर्षं पुसू नकोस

विश्रामबाग, सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मनात राहिल्या, म्हणून लगेच लिहायला बसलो. पुण्यातली स्पर्धा परीक्षेची चार वर्षं पुसून टाकून कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची आहे, असं तू लिहिलंस. आणि शेवटी, ‘सर, तुम्ही माझे गुरू व्हा, तुम्ही सांगाल ते करीन.’ यातलं पहिलं तू करू नयेस असं मला वाटतं. दुसरं मी मान्य करणार नाही. दोन्हीची कारणं सांगतो, शांतपणे वाच.

तुझं दुःख मला कळतं. पूर्वपरीक्षा दोनदा काढून मुख्य परीक्षेत थोडक्यात राहायचं, अभ्यासिकेतली खुर्ची सोडून गावी परत यायचं, आणि लग्नकार्यात प्रत्येकाने ‘यंदा तरी झालं का?’ विचारायचं, हे सोसणं सोपं नाही. मुलगा असतास तर निदान ‘बघ पुढच्या वर्षी’ म्हणाले असते. तुझ्यापुढे लगेच स्थळांच्या याद्या आल्या. अशा वेळी माणसाला वाटतं, आपण होतो तो माणूसच नको, दुसरा कुणीतरी व्हावं. पण दुसरा माणूस आणायचा कुठून? जो होईल तो तुझ्याच हातापायांतून होईल.

मिरजेला दर्ग्याकडे कधी गेलीस तर सतारमेकरांच्या दुकानांत थोडा वेळ थांब. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं, आणि फरीदसाहेब शिकलगारांच्या पिढीने तंतुवाद्यं घडवायला घेतली. आज मिरजेचा तंबोरा देशभरातल्या गवयांच्या मागे वाजतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. धंदा पार बदलला, लोखंड गेलं आणि भोपळा आणि लाकूड आलं. पण धार लावणाऱ्याच्या हाताला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती: किती घासायचं आणि कुठे थांबायचं. मला वाटतं, तोच हात त्यांनी वाद्यावर फिरवला.

तिथे कुणी जवारी काढत असेल, म्हणजे तारेला गुंजणारा आवाज आणत असेल, तर ते मुद्दाम बघ. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी किंचित उताराचा असतो. कारागीर तार उतरवतो, माथा केसभर घासतो, तार पुन्हा चढवतो, तारेखाली सुताचा धागा ठेवतो आणि तो नखाने इकडे-तिकडे सरकवत ऐकतो. आवाज बसका आला की पुन्हा तार खाली. धागा नेमक्या जागी आला की तीच तार एकदम गुंजायला लागते. मग ज्याला वाद्य न्यायचं तो गवई मांडी घालून बसतो, डोळे मिटून छेडतो आणि म्हणतो, ‘खर्जात अजून जरा मोकळं हवं.’ गवयाला घोडी घासता येत नाही. कारागिराला मैफल गाता येत नाही. तरी त्या कानावाचून काम पुरं होत नाही.

मार्गदर्शक म्हणून मला एवढंच समजतं. घासायचं काम ज्याचं त्याचं असतं. दुसऱ्याचा कान मात्र लागतो, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येत नाही.

माझंच सांगतो. कुपवाडच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. नवीन आलेल्या पोरांना टूलचे कोन तोंडी सांगून समजायचे नाहीत, म्हणून मी रद्दी कागदावर पेन्सिलीने काढून दाखवायचो. त्यात विशेष काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. एक दिवस फोरमन माझ्या लेथपाशी आले. तयार जॉब उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, व्हर्नियर लावला आणि काही न बोलता जॉब ठेवून दिला. मग हत्यारांच्या पेटीवरचा तो कागद उचलला. तेलाचे डाग पडलेला, चुरगळलेला.

‘हे कुणी काढलं?’

‘मीच.’

‘मशीनवर तू चांगला आहेस. पण या शेडमध्ये तुझ्याहून चांगले चौघे आहेत. हे असं काढून सांगणारा एकही नाही. आयटीआयत शिकवायचं बघ.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी निदेशकांच्या प्रशिक्षणाची चौकशी कुठे करायची ते सांगितलं आणि माझी पाळी सकाळची लावून दिली, म्हणजे संध्याकाळी अभ्यास करता येईल. पुढची सगळी वर्षं मी शिकवण्यात घालवली, तुझा दादा त्याच वर्कशॉपमधून शिकून गेला. फोरमननी मला नवीन काही दिलं का? माझाच कागद माझ्या हातात दिला. पण त्यांनी तो दिला नसता तर मी तो संध्याकाळी बोळा करून टाकला असता. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

आता तुझ्या कागदाविषयी. तुझ्या लक्षात नसेल, पण गेल्या दिवाळीत मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा सोप्यात आळीतली चार-पाच माणसं सातबारे घेऊन बसली होती. अवकाळीच्या नुकसानभरपाईचा शासन निर्णय निघाला होता, पानं बरीच, भाषा सरकारी. तू पेन्सिल घेतलीस, त्यातल्या तीनच ओळींखाली रेघा मारल्यास आणि शेजारच्या आजोबांना म्हणालीस, ‘आबा, बाकीचं सोडा. तुमची ई-पीक पाहणीची नोंद झाली आहे का, एवढं आधी बघू.’ आबांच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्या एका वाक्याने उतरला. ही नजर कुठून आली? चार वर्षं राज्यघटना, प्रशासन आणि जीआर वाचलेस, त्यातून आली. ज्या वर्षांना तू वाया गेली म्हणतेस, त्यांनीच तुला हे दिलं. ती पुसलीस तर हेही पुसलं जाईल.

तुमच्या घरापासून किर्लोस्करवाडी किती लांब? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर चित्रकार होणं संपलं. त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक ड्रॉइंग शिकले, मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या धंद्यात आले, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते, तेही दिवस काढले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि 1910 मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा राहिला, तीच आजची किर्लोस्करवाडी. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, नांगराचा फाळ कसा ओतायचा हे त्यांनी शिकवलं नाही. त्यांनी पाय ठेवायला माळ दिला. तोही मार्गदर्शनाचाच एक प्रकार आहे, आणि आपण त्याला नेहमी कमी लेखतो.

भाऊराव पाटलांचंही तसंच. ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा खेड्यातल्या पोरांची स्थिती त्यांना कुणी सांगावी लागली नाही.

म्हणून ‘गुरू व्हा’ याला मी नाही म्हणतोय. राग मानू नकोस. एकच माणूस तुला पुरणार नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना तांबड्या मातीतली कुस्ती वडिलांकडून मिळाली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकआधी मॅटवरचे डाव रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने दाखवले, तेव्हा ते सहावे आले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकलं. 1952 चं ते कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माती एकाची, मॅट दुसऱ्याची, प्रवासखर्च तिसऱ्याचा. यातल्या एकालाच खाशाबांनी ‘तुम्हीच सगळं सांगा’ म्हटलं असतं तर काय झालं असतं?

तेव्हा माझ्याकडून एवढंच घे: मला तुझ्यात काय दिसतं ते मी सांगितलं. पुढचं ज्याला त्या कामातलं कळतं त्याला विचारायचं.

आता नुसतं बोलून सोडत नाही. आपल्याकडे तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यातले कितीतरी बागायतदार द्राक्षं युरोपला पाठवतात. त्यासाठी बागेची ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर नोंदणी लागते, कुठलं औषध कधी फवारलं याची वही लागते, कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल लागतो. बागेतलं सगळं त्यांना तोंडपाठ असतं, कागदापाशी मात्र अडतात. शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत, त्यांचेही ठराव, लेखे, परवाने असतात. तुझी पेन्सिल तिथे चालेल असं मला वाटतं. चालेलच असं म्हणत नाही. त्या कामात पडल्यावर तुला कंटाळाही येईल कदाचित, आणि आला तर तोही सांग.

कुणाकडेही जाताना ‘मला मार्गदर्शन करा’ म्हणून जाऊ नकोस. कामातला माणूस या वाक्याला घाबरतो, कारण त्यात काय द्यायचं हेच त्याला कळत नाही. काहीतरी करून ने. एका बागेची सगळी कागदपत्रं लावून फाइल कर, आणि ‘यात काय राहिलं?’ एवढंच विचार. फाइल बघून तो दोन चुका दाखवील. त्या दुरुस्त करून आठवड्याने पुन्हा जा. माझा अनुभव असा की दुसऱ्यांदा येणाऱ्या पोरासाठी लोक वेळ काढतात. पहिल्यांदा तर सगळेच येतात. आणि पैसे थोडे का होईना, मिळाले तर घे. फुकट केलेल्या कामावर लोक मोकळेपणाने टीका करत नाहीत, आणि तुला तर टीकाच हवी आहे.

आणखी एक, हे मुलगी म्हणून तुला जरा जास्त जपून सांगतो. ‘दुसऱ्या कुणाला विचारू नकोस, मी आहे ना’ असं जो म्हणेल, त्याच्यापासून लांब राहा. मग तो कितीही मोठा असो, कितीही गोड बोलो. कामाचं बोलणं दिवसाउजेडी, ऑफिसात, चारचौघांत होतं. भरमसाट फी घेऊन आयुष्य बदलून देतो म्हणणाऱ्या शिबिरांचंही तेच. तुझ्या वडिलांनी चार वर्षं पुण्याचे पैसे कसे पाठवले हे मला माहीत आहे, त्यांच्याकडे त्यासाठी आता हात पसरू नकोस.

वडिलांचं मन वळवायचं कसं, हेही विचारलं आहेस. भाषण करू नकोस. सहा महिन्यांची मुदत मागून घे आणि त्या काळात स्थळांचा विषय बाजूला ठेवायला सांग. मी त्यांच्याशी बोलतो. पण आधी तू बोल, नाहीतर त्यांना वाटेल सरांनी पोरीला शिकवून पाठवलं. आईला मात्र सगळं सांग, काही न लपवता. ती जास्त समजून घेईल असा माझा अंदाज आहे.

परीक्षा कायमची सोडायची की आणखी एकदा द्यायची, यावर मी मत देत नाही. ते तूच ठरव, आणि एखाद्या बऱ्या दिवशी ठरव. निकालाच्या आठवड्यात घेतलेला निर्णय सहसा दुखऱ्या जागेवरून घेतलेला असतो.

येत्या शनिवारी सकाळी पलूसवरून ये. येताना तुमच्याच बागेची फाइल करून आण: सातबारा, ई-पीक पाहणी, फवारणीची वही, गेल्या हंगामातल्या विक्रीच्या पट्ट्या, जे मिळेल ते. वही नसेल तर वडिलांना विचारून आठवेल तेवढी लिहून काढ, त्या निमित्ताने त्यांच्याशी बोलणंही होईल. माझा एक जुना विद्यार्थी द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये आहे, तो अकराला घरी येणार आहे. मी तुमची गाठ घालून देईन आणि बाजूला बसेन. प्रश्न तू विचारायचेस. जेवूनच जा, काकूने तसं बजावलं आहे.

दादाला आशीर्वाद, आई-वडिलांना नमस्कार.

तुझे,
सर