सत्तर पाउंडांची घाई नको

प्रश्न : कंपनीतले मित्र दर हिवाळ्याच्या तोंडाशी धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीला जातात. यंदा मीही जाणार आहे. ७० पाउंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं, कंपाउंड धनुष्य घेतलं. वीस यार्डांवर बाण सारखे डावीकडे लागतात आणि थोड्याच वेळात खांदा भरून येतो. साइट (नेम धरायची खूण) बदलू का? – एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : साइटला इतक्यात हात लावू नका. लक्ष्यासमोर स्टुलावर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, बाण चढवा, दोरी सोडणाऱ्या ट्रिगरपासून बोट लांब ठेवा आणि धनुष्य लक्ष्याकडेच रोखून सावकाश ओढा. हात आभाळाकडे न्यावा लागला किंवा हिसका द्यावा लागला, तर ७० पाउंड तुम्हाला आज झेपत नाहीत.

दुकानात हे लक्षात येत नाही. धनुष्याच्या टोकांची चाकं, म्हणजे कॅम, फिरले की ८० टक्के ओझं उतरतं आणि धरायला १४ पाउंडच उरतात. पण त्याआधी पूर्ण सत्तरचा चढ पार करायचा असतो. जंगलात तो तुम्ही गारठलेल्या अंगाने, जाड जॅकेटात, हरणाच्या देखत करणार. तुमचा हिसका त्याला आधी दिसतो.

तुमच्या राज्याचा नियम किमान ३५ पाउंडांचा आहे. मी स्वतः ५५ वापरतो. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक, कापून मारतं, धक्क्याने नाही. त्यामुळे पातं वस्तऱ्यासारखं धारदार असेल तर व्हाइटटेल हरणाला ५० पाउंड पुरतात. बोल्ट सैल करून बऱ्याच सत्तरच्या धनुष्यांची ओढ साठापर्यंतच उतरतं. शक्य असेल तर धनुष्य बदलूनच घ्या.

बाण डावीकडे जातात ते बहुधा मुठीमुळे. ग्रिप अंगठ्याखालच्या मांसल भागावर टेकू द्या, बोटांची पेरं तिरकी, बोटं सैल. धनुष्य पडेल ही भीती वाटते म्हणून माणूस मूठ आवळतो आणि धनुष्य पिळलं जातं. मनगटाला स्लिंग (धनुष्य अडकवून ठेवणारा पट्टा) लावा, भीती जाईल. ड्रॉ लेंग्थही, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते माप, तपासा : पसरलेल्या हातांचं माप भागिले अडीच. ७० इंचांना २८. माझ्याकडे येणाऱ्या नवख्यांना मी आधी पाच यार्डांवर, डोळे मिटून बाण सोडायला लावतो. नेम बाजूला पडला की हात काय करतो ते कळतं.

हंगामाआधी ब्रॉडहेड लावूनच सराव करा. फील्ड पॉइंटचा (सरावाच्या साध्या टोकाचा) बाण जिथे लागतो तिथे ब्रॉडहेडचा लागेलच असं नाही. हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच बाण सोडा. समोरून तोंड करून असेल तर जाऊ द्या, कितीही मोठी शिंगं असोत. जखमी होऊन दिवसभर तडफडणारं जनावर ही आपली जबाबदारी असते. बाण लागल्यावर लगेच मागे धावू नका. निदान अर्धा तास थांबा. पोटात लागल्याची शंका असेल तर कितीतरी तास.

ट्री स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, चढताना पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) अडकवलेला हवा. धनुष्य हातात घेऊन चढू नका. वर नीट बसल्यावर दोरीने ओढून घ्या.