६७५ पटींचा दावा आणि आयपीसची निवड

प्रश्न : माझी परावर्ती दुर्बीण ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची असून तिचे नाभीय अंतर ९०० मिलिमीटर आहे. सोबत २५, १० आणि ४ मिलिमीटर नाभीय अंतराचे आयपीस (डोळ्याकडची भिंगे) व तिप्पट बार्लो भिंग (आयपीसची वाढ तिप्पट करणारे जोडभिंग) मिळाले. खोक्यावर ६७५ पटींचा दावा आहे. प्रत्यक्षात गुरू थरथरणाऱ्या धुरकट डागासारखा दिसतो. मला चष्मा आहे. दोनच नवे आयपीस घ्यायचे झाल्यास कोणते घ्यावेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खोक्यावरचा आकडा गणिताने खोटा नाही. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की पट मिळतात : ९०० भागिले ४ म्हणजे २२५ आणि बार्लोमुळे त्याची तिप्पट ६७५. मात्र आरसा तेवढाच राहत असल्याने डोळ्यात शिरणारी प्रकाशशलाका ११४ भागिले ६७५, म्हणजे जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाडीची उरते, आणि तपशिलाऐवजी धूसरपणाच मोठा होतो. व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही व्यवहारातली कमाल मर्यादा धरतात, म्हणजे आपल्या दुर्बिणीला सुमारे २२८. दिवसभर तापलेल्या स्लॅबच्या गच्चीवरून तर १५० पटही पुष्कळदा जड जाते.

गुरू पृथ्वीच्या जवळ असताना आपल्या १० मिलिमीटरच्या आयपीसमधून, ९० पटीला, त्याची तबकडी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दुप्पट असते. भोवतीच्या काळोखामुळे ती लहान भासते, एवढेच.

माझ्या मते पहिली खरेदी ३२ मिलिमीटरच्या प्लोसल प्रकारच्या आयपीसची करावी (ही रचना व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमोन प्लोसल यांनी १८६० मध्ये केली). त्यातून २८ पट आणि सुमारे पावणेदोन अंशांचे आकाश मिळते, त्यामुळे कृत्तिकेतील ठळक तारे एकत्र मावतात. दुसरा ६ मिलिमीटरचा, १५० पटींचा, हवा स्थिर असलेल्या रात्रींसाठी घ्यावा. पण तो साधा प्लोसल नको, कारण त्यात डोळा भिंगाला इतका चिकटवावा लागतो की पापण्यांचा तेलकटपणा काचेवर उमटतो.

चष्म्याचा नंबर केवळ जवळचा किंवा लांबचा असेल तर तो काढून ठेवावा, फोकस फिरवून भरपाई होते. सिलिंडरचा नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे लागणारा) मात्र फोकसने भरून निघत नाही. तो जाड प्रकाशशलाकेत, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या आयपीसमध्येच, विशेष त्रास देतो आणि सुदैवाने तिथे डोळ्याला सुमारे २० मिलिमीटरची जागा असल्याने चष्मा लावूनही पाहता येते. खरेदीपूर्वी आयपीसच्या नळीचा व्यास सव्वा इंच आहे ना, हे पट्टीने मोजून घ्यावे. काही जुन्या लहान दुर्बिणींची नळी याहून अरुंद असते.