बोहारणीची नजर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे विकून संस्थेच्या कामाला पैसे उभे करायचं तुमचं दुकान, त्याच्यासाठी केलेलं तुझं पोस्टर पाहिलं. रडवेल्या मुलाचा फोटो आणि खाली ‘तुमची एक जुनी साडी कुणाचं तरी आयुष्य बदलेल’. अक्षरं सुरेख काढली आहेस, पण हे पोस्टर लावू नकोस. दुकान साड्या विकणार आणि पोस्टरवर साडीच नाही!

दया म्हणून गिऱ्हाईक एकदा येतं. परत येतं ते अडीचशे रुपयांत धड, स्वच्छ सुती कुर्ता मिळाला म्हणून. तेव्हा आधी कुर्ता दाखव, किंमत दाखव. संस्थेचं काम खाली एका ओळीत पुरे.

देणाऱ्यांसाठी मात्र वेगळी जाहिरात कर, आणि ती आधी कर. हे मी स्वतः चूक करून शिकले. एका संस्थेसाठी ‘जुने कपडे द्या’ एवढंच लिहिलं होतं. पोत्यांनी कपडे आले: विटलेले, उसवलेले, ओलसर वासाचे, एका पायाचे मोजे. निवडणाऱ्या बायका नाकाला पदर लावून बसायच्या आणि शेवटी टाकाऊ ढीग हलवायला संस्थेलाच टेम्पोचं भाडं भरावं लागलं. त्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. ‘जुने’ हा माझा शब्द चुकला होता. ‘धुतलेले, बटणं शाबूत असलेले, तुम्ही स्वतः उद्या घालाल असे’ हे लिहायला हवं होतं.

ऑक्सफॅम ही ब्रिटनमधली मदतसंस्था अशीच दान आलेल्या वस्तूंची दुकानं चालवते. तिचं पहिलं कायमचं दुकान १९४७ साली ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर निघालं. त्यांच्या जाहिराती जरूर बघ, पण जशाच्या तशा उचलू नकोस. आपल्याकडे बोहारीण दारात येते आणि साडीच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देते. तुझी खरी स्पर्धा त्या पातेल्याशी आहे. कधी तिच्या शेजारी बसून बघ. ती पदर उजेडाकडे धरते, घडीवर कापड विरलंय का ते बोटांनी चाचपते, जरीला नख लावते, आणि मगच भांडं पुढे सरकवते. आपल्या घरात कुठले कपडे पडून आहेत हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. लग्नात एकदाच नेसलेला शालू, आखूड झालेला पण नवाकोरा परकर-पोलका... हीच नावं जाहिरातीत घाल. दिवाळीची आवराआवर सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस सोसायट्यांच्या फलकांवर लाव. आवरून झाल्यावर लावलेला कागद वाया जातो.

आणखी एक. ‘तुमचा प्रत्येक रुपया मुलींच्या शिक्षणासाठी’ ही ओळ काढ. दुकानाचं भाडं, वीज, शिलाईवालीची मजुरी त्याच रुपयातून जाते. हिशेब विचारून घे, खर्च वजा जाता काय उरतं ते समजून घे आणि तेवढंच लिही. लोक भाड्याला हरकत घेत नाहीत, पण फसवलं गेलं असं वाटलं तर उंबरा चढत नाहीत.

गूंज ही संस्था १९९९ पासून कपडे गोळा करते आणि गावातल्या श्रमाचा मोबदला म्हणून देते, भीक म्हणून नाही. तुझ्या गिऱ्हाइकालाही तोच मान हवा. म्हणून ‘गरिबांसाठी’ हा शब्द पाटीवर नको. पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याच्या हक्काची असते.

शनिवारी दुकान उघडण्याआधी ये. गाठोडी मिळून सोडू. पहिली चांगली साडी निघेल तिचा खिडकीच्या उजेडात फोटो काढ, किमतीची चिठ्ठी दिसेल असा.

तुझी,
ताई